टोव्हीबाई आणि पाचशे फुटांवरचा कागद

नाव: हेप्सिबा टोव्ही. विधवा. मूलबाळ नाही.
वय: त्रेपन्न. (स्वतः एकोणपन्नास सांगते, पॅरिशने मोठा आकडा ग्राह्य धरला.)
बांधा: आडवा. दात: काळे. हात: मनगटापर्यंत तांबडे, कारण विचारलेलं नाही.
खूण: उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा जुना, चंद्रकोरीच्या आकाराचा व्रण.
धंदा: नाही. कसब: नाही.
कायदेशीर गाव: लिटल डॅगवर्थ, हेरफर्ड परगणा.
या पॅरिशवर भार होण्याचा संभव: आहे.

हे वर्णन माझ्या हातचं आहे. सतराशे छत्तीस सालच्या डिसेंबरात, ऑल्डरविकच्या पॅरिशचा कारकून म्हणून मी, पेग्लर, ते लिहिलं. मी शाळाही चालवतो, त्यामुळे अक्षर वळणदार आहे. मजकुराची जबाबदारी माझी नाही. तो पॅरिशच्या ठराविक नमुन्यात बसवलेला आहे, आणि नमुन्यात न बसणारं माणसाचं जे काही उरतं ते लिहायला त्यात जागा नसते.

आमच्याकडे गरिबाला पोसायची जबाबदारी त्याच्या पॅरिशवर, म्हणजे त्याच्या चर्चच्या हद्दीतल्या गावावर असते. साहजिकच आपले गरीब खरं म्हणजे दुसऱ्याचे आहेत हे सिद्ध करण्यात प्रत्येक पॅरिशला फार रस असतो. बायकोचं गाव ते नवऱ्याचं गाव, असं कायदा म्हणतो. टोव्हीबाईंचा नवरा सॅम्युएल घंटा ओतणाऱ्यांकडे कामाला होता. तो लिटल डॅगवर्थला जन्मला आणि सव्वा वर्षाचा असताना एका टोपलीतून तिथून निघाला, तो पुन्हा तिकडे फिरकला नाही. त्या टोपलीच्या आधारावर, तो वारल्याला सात वर्षं झाल्यानंतर, त्याच्या बायकोला ऑल्डरविकमधून उचलून तिने कधी न पाहिलेल्या गावात नेऊन सोडायचं घाटत होतं. गुरुवारची गाडीही सांगून ठेवली होती.

घाट घालणारा गृहस्थ म्हणजे ऑबडाया ट्रिग, चीजचा व्यापारी आणि त्या वर्षीचा गरिबांचा देखरेखदार. माणूस दुष्ट नव्हता. मापात काटेकोर होता, आणि आपल्या कारकिर्दीत गावाचं ओझं तोळाभरही वाढू नये असं त्याला वाटे. ऑक्टोबरात टोव्हीबाईंना आठवडाभर ताप आला. तो पॅरिशच्या खर्चाने बरा झाला नव्हता. पण होऊ शकला असता, हे ट्रिगच्या नजरेतून सुटलं नाही.

यातून सुटायचा रस्ता एकच. कुणीतरी बाईंना पूर्ण एक वर्षाच्या कराराने कामावर ठेवायचं. वर्ष भरलं की माणूस त्या गावचा होतो, मग त्याला कुणी हलवू शकत नाही. म्हणूनच आमच्याकडचे मालक माणूस ठेवतात तो एक्कावन्न आठवड्यांसाठी. बावन्नाव्या आठवड्यात तो भावाकडे जाऊन येतो. भाऊ नसला तरी जातो.

टोव्हीबाई जोसाया क्लटरबककडे सहा वर्षं होत्या. कायद्याच्या भाषेत सहा वेळा एक्कावन्न आठवडे. क्लटरबक मूळचा घड्याळजी. त्याची घड्याळं दिसायला देखणी होती आणि मागे पडत असत, तेव्हा त्याने जिथे वेळेचा संबंध नाही असा उद्योग निवडला आणि आरशाच्या दुर्बिणी करायला घेतल्या.

भिंगाच्या दुर्बिणीची खोड अशी की वस्तूला निळी-तांबडी किनार दिसते, आणि ती कमी करायची तर दुर्बीण लांबच लांब करावी लागते. आमचे मॅजिस्ट्रेट सर एव्हरार्ड पॉन्टिंग यांच्याकडची दुर्बीण पंचवीस फूट होती. ती धरायला दोन साईस लागत, आणि त्यांतल्या एकाला शिंक आली की गुरू ग्रह शेजारच्या परगण्यात जाई. सर आयझॅक न्यूटन यांनी त्यावर तोड काढली होती: भिंगाऐवजी धातूचा खोलगट आरसा. त्यांची दुर्बीण वीतभर होती. ती थोरामोठ्यांनी पाहिली, वाखाणली, आणि पुढची पन्नास वर्षं तशी दुसरी कुणाला धडपणे करता आली नाही. कारण युक्ती सुचायला एक थोर डोकं पुरतं. आरसा व्हायला कुणीतरी लीद कुटावी लागते.

लीद टोव्हीबाई कुटत. आरशाचा साचा मातीत घोड्याची वाळलेली लीद मिसळून करतात, म्हणजे धातू ओतताना वाफ निघून जाते. घंटेचाही तसाच करतात, आणि हे त्या नवऱ्याकडून शिकल्या होत्या. लीद त्यांना सर एव्हरार्डच्याच तबेल्यातली लागे. खुराक चांगला असलेल्या घोड्याची लीद बारीक पडते, असं त्यांचं मत होतं, आणि या विषयावर गावात त्यांच्याशी वाद घालायला कुणी पुढे आलेलं मला आठवत नाही. मग दोन भाग तांबं, एक भाग कथील, आणि चिमूटभर सोमल, ज्याच्या धुराकडे पाठ करून उभं राहायचं. घंटेत कथील कमी म्हणून ती मार खाते आणि गाते. आरशात कथील जास्त, म्हणून तो चकाकतो आणि थंड वाऱ्याने फटका मारला तरी तडकतो.

सर एव्हरार्डनी एक दुर्बीण सांगितली होती. ती पसंत पडली तर त्यांचे तीन स्नेही प्रत्येकी एक घेणार होते. तसं झालं तर टोव्हीबाईंना वर्षाच्या कराराने ठेवीन, असं क्लटरबकने माझ्यासमोर कबूल केलं होतं. नाही झालं तर तो पुन्हा घड्याळांकडे वळणार होता आणि बाई गुरुवारच्या गाडीत बसणार होत्या. बशीएवढ्या, मधे बघायला भोक असलेल्या त्या आरशावर इतकं सगळं टेकलेलं होतं.

जबानी घ्यायला मी सोमवारी सकाळी गेलो. ट्रिग बरोबर होता. क्लटरबकच्या कारखान्यात मधोमध एक पिंप उभं असतं, त्यात दगड भरलेले. पिंपावर डांबराचा थर दिलेली चकती बसवलेली, डांबरावर तांबडी भुकटी आणि पाणी. त्यावर आरसा पालथा ठेवून दोन्ही हातांनी मागेपुढे सरकवायचा, आणि दर पाचसहा घासण्यांनंतर पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं, म्हणजे झीज सगळीकडून सारखी होते. बाई अशा नऊ आठवडे पिंपाभोवती चालत होत्या. ती सकाळ शेवटच्या घासणीची होती. शेवटच्या घासणीला थांबता येत नाही. थांबलं की डांबर आरशाला धरतं आणि नऊ आठवड्यांचा घाट बिघडतो.

“मास्तर, विचारायचं ते चालता चालता विचारा,” बाई म्हणाल्या. “मी थांबणार नाही.”

मग मीही पिंपाभोवती चालू लागलो, एका हातात कागद-पाटी, दुसऱ्यात लेखणी, दौत गळ्यात अडकवलेली. मी वय विचारलं. त्यांनी एकोणपन्नास सांगितलं.

ट्रिग दारातून म्हणाला, “गेल्या वर्षीही एकोणपन्नासच होतं.”

“गेल्या वर्षी तुमचं चीजही ताजंच होतं, ट्रिगशेठ.”

धंदा विचारला तेव्हा बाईंनी माझ्याकडे न पाहता, तुम्हाला काय दिसतंय ते लिहा, असं सांगितलं. ट्रिगचं म्हणणं पडलं की घासणं हा धंदा नव्हे, भांडी त्याची बायकोही घासते. नमुन्यात धंदा म्हणजे सात वर्षं उमेदवारी करून कागद मिळवलेला. कायद्याने ते बरोबर होतं. मी ‘नाही’ लिहिलं. कसबाच्या रकान्यात ट्रिगने आधीच्या रकान्याकडे बोट दाखवलं, म्हणून तिथेही तेच लिहिलं. एवढ्यात बाईंनी डांबराचा एक बारीक तुकडा तोंडात टाकून चावला, थुंकला, आणि चुलीत अजून एक ढलपी टाका म्हणून क्लटरबकला सांगितलं. दातांखाली करकरलं तर डांबर कडक झालंय, चिकटलं तर मऊ पडलंय. क्लटरबककडे पितळेची तीन उपकरणं होती, पण डांबराच्या बाबतीत तो बाईंच्या दातांवर भिस्त ठेवी.

शेवटी खालच्या कोपऱ्यात अंगठा हवा होता. बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. मी म्हणालो, संध्याकाळी येतो. ट्रिग म्हणाला, संध्याकाळी त्याला वेळ नाही. तेव्हा बाईंनी तांबड्या भुकटीत माखलेला उजवा अंगठा आरशावरून उचलला, मी त्यांच्यापुढे उलट्या पावलांनी चालत कागद धरला, आणि तिसऱ्या फेरीत त्यांनी तो उमटवला. व्रणाची कोर तेवढी पांढरी राहिली, बाकी अंगठा लालभडक. त्या क्षणी डाव्या हाताची एक घासणी किंचित तिरकी गेली. ती मी पाहिली. त्यांनीही पाहिली.

मंगळवारी आम्ही सर एव्हरार्डच्या हवेलीवर निघालो. तीन मैल, उघडी गाडी, गवतावर दहिवर गोठलेलं. नळी, तिची तिपाई आणि क्लटरबक मागे. पुढे टोव्हीबाई, मांडीवर आरसा. दोन वर्षांपूर्वी अशाच थंडीत एक आरसा दारातून अंगणात नेताना ‘टक्’ असा एवढासा आवाज करून दुभंगला होता, आणि तो आवाज त्यांच्या कानातून गेला नव्हता. म्हणून या खेपेला त्यांनी आरसा फ्लॅनेलमध्ये गुंडाळला, वरून मेंढीचं कातडं, आणि खाली चुलीतून काढलेली तापवलेली वीट. त्या पोटाशी धरून बसल्या होत्या, ओली बाळंतीण तान्ह्याला धरते तशा. मी म्हणालो, बाई, तुम्हालाच थोडी ऊब घ्या. त्या म्हणाल्या, “मी तडकले तर ट्रिगशेठचं काम वाचेल. हा तडकला तर सगळ्यांचंच जाईल.”

ट्रिग आपल्या तट्टावरून मागून येत होता. त्याच्या खिशात तो कागद होता: वर जबानी आणि वर्णन, खाली बाईंना हलवण्याचा हुकूम, एकाच तावावर, कारण पॅरिश कागदाच्या बाबतीतही काटेकोर आहे. हुकमाला दोन मॅजिस्ट्रेटांची सही लागते. एकाची झाली होती. दुसरी सर एव्हरार्डची.

सर एव्हरार्ड गच्चीवर लांब कोट घालून उभे होते. माणूस तापट, पण विज्ञानाच्या बाबतीत न्यायी. न्यायाच्या बाबतीत त्यांची ख्याती निराळी होती. परीक्षा कशी घ्यायची ते त्यांनी ठरवून ठेवलं होतं. समोर, माळ्याने साखळीने मोजलेल्या पाचशे फुटांवर, कबुतरखान्याचं दार. त्यावर एक कागद ठोकायचा आणि इथून वाचायचा. ट्रिगने तत्परतेने ग्लॉस्टरचं वर्तमानपत्र पुढे केलं.

“हे सकाळी वाचलंय,” सर एव्हरार्ड म्हणाले. “वाचलेला कागद डोळा वाचत नाही, आठवण वाचते. न वाचलेला काहीतरी द्या.”

सगळ्यांनी खिसे चाचपले. माझ्याकडे शाळेतल्या पोरांची हजेरी होती, तीत वाचण्यासारखं काही नव्हतं. ट्रिगने जरा विचार केला आणि तो ताव काढला.

“हा चालेल, सर. हा आपण वाचलेला नाही.”

“कशावरून?”

“आपल्या सहीसाठी आहे.”

“मग नक्कीच वाचलेला नाही,” सर एव्हरार्ड म्हणाले, आणि माळी तो घेऊन कबुतरखान्याकडे गेला.

क्लटरबकने हातमोजे घालून आरसा नळीत बसवला. बोटांचे डाग पडू नयेत म्हणून तो आरशाला कधी उघडा हात लावत नसे. सर एव्हरार्डनी डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

“ट्रिग, तुमच्या कागदाला बुरशी आलीय का?”

क्लटरबकने पाहिलं. स्क्रू पुढे फिरवला, मागे फिरवला, पुन्हा पुढे. मीही पाहिलं. दार होतं, दारावर काहीतरी पांढरं होतं, आणि ते सगळं उकळत्या पेजेच्या तळाशी पडल्यासारखं थरथरत होतं. अक्षर सोडा, कागद उभा की आडवा तेही कळेना. क्लटरबकचा चेहरा कथलाच्या रंगाचा झाला. त्याने बाईंकडे पाहिलं.

“हात उचलला होतात?”

“एकदा,” बाई म्हणाल्या. “अंगठ्यापुरता.”

कुणाच्या कागदासाठी ते त्यांनी सांगितलं नाही. मी सांगायला हवं होतं. मी दौतीचं झाकण घट्ट आहे की नाही ते पाहत राहिलो.

सर एव्हरार्डनी फार बोल लावला नाही. त्यांची पंचवीस फुटी बरी, म्हणाले. दोन साईस लागतात, पण साईसांना कामही लागतंच. आत गोमांस भाजून तयार होतं आणि ते थांबणार नव्हतं. जाता जाता त्यांनी ट्रिगला तो कागद काढून आणायला सांगितलं, जेवण झालं की सही करू. ट्रिग म्हणाला, लगेच आणतो, आणि आधी थोडी बिअर मिळते का पाहायला स्वयंपाकघराकडे गेला. त्याच्या पायाला संधिवात होता, आणि पाचशे फूट म्हणजे जाऊन येऊन हजार.

गच्चीवर आम्ही तिघं उरलो. क्लटरबक पायरीवर बसला आणि आपली जुनी घड्याळं इतकी काही मागे पडत नव्हती, असं कुणीतरी म्हणावं अशा चेहऱ्याने समोर पाहू लागला. कुणी म्हणालं नाही. बाईंनी मला विचारलं की लिटल डॅगवर्थ किती लांब. मी म्हणालो, गाडीने दीड दिवस. तिथल्या चर्चला घंटा आहे का, असं त्यांनी विचारलं. मला ठाऊक नव्हतं. असेलच म्हणा, त्या म्हणाल्या, असतेच.

वेळ जात होता. थंडी नळीवर चढत होती. पितळेवर माझ्या श्वासाची वाफ धरून राही. काहीतरी करायचं म्हणून बाईंनी फ्लॅनेल झटकून घडी घातली, वीट पालथी करून ठेवली. मग म्हणाल्या, “मालक, जायच्या आधी मी एकदा बघू का? सहा वर्षांत बघितलं नाही कधी.”

हे खरं होतं. घासणं बाईंचं, बघणं मालकाचं, अशी वाटणी होती आणि ती कुणी केलेली नव्हती. क्लटरबकने हात हलवला. त्याचा अर्थ हो असाही होत होता.

बाई वाकल्या. एक डोळा लावला, दुसरा मिटायचा असतो हे त्यांना माहीत नव्हतं, तो त्यांनी तळव्याने झाकला. इतका वेळ वाकलेल्याच राहिल्या की त्यांच्या पाठीत उसण भरली असेल असं मला वाटलं.

“मास्तर,” त्या तशाच वाकलेल्या म्हणाल्या, “तिथे माझा अंगठा आहे.”

मी म्हणालो, हो, सोमवारी तुम्हीच दिलात.

“तसं नाही. दिसतोय. मधली कोर दिसतेय.”

मी त्यांना जवळजवळ बाजूला सारून डोळा लावला. दार होतं, दाराच्या फळ्यांच्या रेघा होत्या, खिळ्याचं डोकं होतं. कागदाची घडी होती. लाल अंगठा, आणि त्यात पांढरी कोर. आणि वर माझं अक्षर, इतकं स्वच्छ की ‘कसब’ या शब्दापाशी लेखणी अडकून पडलेला शाईचा ठिपका मला तिथून पहिल्यांदा दिसला. आयुष्यात स्वतःचं अक्षर पाहून इतकं हायसं मला कधी वाटलं नव्हतं, आणि त्या मजकुराला ते शोभत नव्हतं, याचंही भान होतं.

क्लटरबकने आम्हाला वेड लागलं असं धरून चालून, केवळ सभ्यपणाने डोळा लावला. मग हातमोजा काढला. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याने आरशाच्या पाठीला उघडं बोट लावलं.

“गार आहे,” तो म्हणाला. “बर्फासारखा गार.”

“आता असणारच,” बाई म्हणाल्या. “मघा गरम होता, सकाळभर विटेवर होता.”

तो बाईंकडे पाहत राहिला. बाईंना ते त्याच्याआधी कळलं असावं, कारण त्या वीट उचलून ती अजून कोमट आहे का पाहत होत्या. म्हणाल्या, सॅम कधी खड्ड्यातून काढलेली घंटा त्याच दिवशी वाजवू देत नसे. पाद्री हातात दोर घेऊन उभा राहिला तरी नाही. गरम घंटा खोटं बोलते, म्हणायचा. तिला आधी गावचं वारं लागू दे. “मला वाटलं ते घंटेपुरतंच असेल. ह्याला ताप होता, मालक. मीच आणला होता. उतरला.”

क्लटरबक हसला की रडला हे मी नीट पाहिलं नाही, कारण तेवढ्यात तो पुन्हा नळीला डोळा लावून ओरडला. दुर्बिणीत एक प्रचंड हात आला होता आणि कागद धरून ओढत होता. ट्रिगची बिअर संपली होती.

आम्ही तिघांनी हातवारे केले. पाचशे फुटांवरून तीन माणसं हात हलवत ओरडताना पाहून ट्रिगने जे कोणत्याही देखरेखदाराने केलं असतं तेच केलं: कागद ओरबाडून काढला, घडी करून बंडीत घातला आणि वर बटण लावलं. आवाजाने सर एव्हरार्ड गळ्यात रुमाल खोवलेले बाहेर आले. क्लटरबकने त्यांना जे सांगितलं त्यात ‘ताप’ हा शब्द तीनदा आला आणि त्यातला एकही त्यांना कळला नाही. पण ट्रिगच्या बंडीवर नळी रोखून त्यांनी डोळा लावला.

“तिसरं बटण तुटलंय,” ते म्हणाले. मग निराळ्याच आवाजात: “ट्रिगला सांगा, तिथेच उभा राहा. खिळा गेला असेल तर कागद छातीशी धर.”

माळी धावत निरोप घेऊन गेला. ट्रिगने कागद काढला, उलगडला, छातीशी धरला. सर एव्हरार्ड मोठ्याने वाचू लागले. ते अकरा वर्षं हुकमांवर सह्या करत आले होते. एखादा हुकूम अथपासून इतिपर्यंत वाचायची ही पहिलीच वेळ, आणि तीही पाचशे फुटांवरून.

“हेप्सिबा टोव्ही. वय त्रेपन्न.”

“एकोणपन्नास,” बाई म्हणाल्या.

“दात काळे.” त्यांनी डोळा काढून बाईंकडे पाहिलं. “खरंच आहेत. का?”

बाईंनी डांबराचं सांगितलं. ते त्यांनी नीट ऐकून घेतलं, कडक डांबर कसं करकरतं ते दोनदा विचारलं, आणि पुन्हा वाकले.

“हात तांबडे, कारण विचारलेलं नाही. का विचारलं नाहीत, पेग्लर?”

“नमुन्यात नव्हतं, सर.”

“धंदा नाही. कसब नाही.” इथे ते थांबले. नळी कणभर हलवली, जणू पुढे आणखी काही लिहिलेलं असावं. “हा आरसा कुणी घासला म्हणालात?”

क्लटरबकने हाताने बाईंकडे दाखवलं. घासायला किती वेळ लागला ते त्यांनी विचारलं. नऊ आठवडे. असा आरसा किती वर्षं टिकतो? क्लटरबक प्रामाणिक माणूस होता. त्याने सांगितलं की आमच्या दमट हवेत दोनअडीच वर्षांत काळवंडतो, मग पुन्हा घासावा लागतो. आणि पुन्हा कोण घासणार? क्लटरबकने परत बाईंकडे दाखवलं.

“मग हिला हेरफर्डला पाठवून मी दोन वर्षांनी काय करू?” सर एव्हरार्डनी विचारलं. ते खरोखरच विचारत होते. दयेचा त्यात काही संबंध नव्हता, आणि म्हणूनच मला त्यावर भरवसा ठेवावासा वाटला. सही करणार नाही, म्हणाले. गोमांस संपवायला आत गेले, आणि परत येऊन संध्याकाळपर्यंत शेजारच्या परगण्यातल्या गाई मोजत बसले.

क्लटरबक घसा खाकरून म्हणाला, “ठरल्याप्रमाणे, टोव्हीबाई. एक वर्ष.”

“किती आठवड्यांचं?”

त्याने आकाशाकडे पाहिलं, आरशाकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे. मी या खेपेला दौतीकडे पाहिलं नाही.

“बावन्न,” क्लटरबक म्हणाला.

“मास्तर, लिहा.”

लिहायला कागद नव्हता. पोरांच्या हजेरीवर करार लिहिणं मला प्रशस्त वाटेना. होता तो एकच कोरा कागद, म्हणजे त्याची मागची बाजू, आणि तो ट्रिग अजून कबुतरखान्यासमोर छातीशी धरून उभा होता, कारण खाली कर असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिघंही तिथपर्यंत चालत गेलो. मी कबुतरखान्याच्या दारावर ताव टेकवून हुकमाच्या पाठीवर बावन्न आठवड्यांचा करार लिहिला. बाईंच्या अंगठ्याला भुकटी अजून होतीच. साक्षीदार म्हणून ट्रिगने सही केली. गारठ्याने त्याच्या हाताला कंप सुटला होता, पण सही ओळखू येते.

गुरुवारी गाडी आली. ती आधीच सांगितलेली असल्यामुळे परत पाठवणं ट्रिगला पटेना, म्हणून तिच्यातून त्याने स्वतःचं चीज हेरफर्डला नेलं.

पुढच्या डिसेंबरात बावन्नावा आठवडा आला. सोमवारी सकाळी बाई भावाकडे न जाता रोजच्यासारख्या लीद कुटायला बसल्या. शनिवारी संध्याकाळी मी सहज तिकडून गेलो. त्या पिंपाभोवती चालत होत्या. मला म्हणाल्या, मास्तर, आता कुठल्या गावची मी? मी आमच्या गावाचं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि एक पाऊल सरकल्या.

हेप्सिबा टोव्ही चौदा वर्षांनी वारल्या, वय त्यांच्या मते एकोणसाठ. पॅरिशच्या दप्तरात त्या अजून ‘लिटल डॅगवर्थच्या’ आहेत, कारण नमुन्यात खोडायला जागा नसते.

लिटल डॅगवर्थ त्यांनी कधीच पाहिलं नाही.